तात्याचे दोन पॉईंट

आमच्या गावात फ्लेक्सवर माणसाचा जो रंग छापून येतो, तोच रंग फ्लेक्स चौकात चढला की त्या माणसाला येतो. म्हणून छपाईचं मशीन नगरपरिषदेच्या परवान्यावर चालतं, आणि माणसाला वर्षाला एकच फ्लेक्स मिळतो, वाढदिवसाचा. शुभेच्छुकांची नुसती नावं टाकतात. फोटो टाकला तर त्यांचा वर्षाचा फ्लेक्स वाया जातो.

मशीन दहा फुटी आहे आणि ते मी चालवते. माझी शाळा चौथीपर्यंत. रंगाला शाळा लागत नाही, डोळा लागतो. सकाळी मी माझ्या हाताच्या फोटोची एक पट्टी छापते आणि दारात उन्हात हाताशी लावून बघते. लालसर आली तर गुलाबी शाई एक पॉईंट कमी करते. जुळली की मग गिऱ्हाईक.

गिऱ्हाइकाला मात्र जुळलेलं नको असतं. "आक्का, जरा उजळ." मिशांना पीळ, दंडावर बेडक्या, आणि लाडीगोडी नव्या नवरीची.

नगरसेवक सर्जेराव ढमाले, म्हणजे तात्या, यातला पहिल्या नंबरचा. मूळचा आईसारखा काळा, तुकतुकीत. चांगला दिसायचा. नऊ वर्षं झाली, दर वाढदिवसाला दोन पॉईंट उजळून घेतोय. आठ दिवसांत नव्या तोंडाची सवय होते, की परत आरशात काळा दिसायला लागतो.

यंदा त्याच्याबरोबर त्याची आई आली, गजराबाई. ती पायरीवर बसली. मी तात्याचा फोटो लावून शाईचे आकडे बघितले.

"तात्या, आता दोन कमी केले तर तोंडावर शाईच पडणार नाही."

"म्हणजे पांढरा होईन."

"पांढरी शाई मशीनला नसते. कोरा राहशील."

"चालेल की. कोरं म्हणजे स्वच्छ."

"शकू, त्याला त्याचा रंग दे गं," गजराबाई म्हणाली. "गालावर बापासारखा तीळ होता. तिसऱ्या फ्लेक्सलाच पुसला गेला."

"आई, तू गप्प बस. यात सेटिंग असतं. तुला नाही कळायचं."

मी छापणार नाही म्हणाले. तात्या तासाभरात रंग निरीक्षक पेठकरांना घेऊन आला. पेठकरांनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"अर्जदाराला दोन पॉईंट कमी हवेत. मशीनवर होतात का?"

"होतात."

"मग अडचण काय?"

"तोंड राहत नाही, साहेब."

पेठकरांनी अर्ज उलटून पाहिला. "तोंडाचा रकाना नाही यात. छापा, नाहीतर परवाना जमा करा."

मी छापलं.

फ्लेक्स चौकात चढला. गॉगल, मिशी, सदरा, घड्याळ. खाली बावीस नावं. तात्या जीपमधून उतरला तोही तसाच. गॉगल, मिशी, सदरा, घड्याळ. कार्यकर्त्यांनी हार घातला, तो कॉलरवर नीट बसला.

"काय उजळलाय तात्या!" एक जण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाही बाप्याला विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तुझं नाक कुठाय.

विचारलं ते नगरपरिषदेच्या हजेरी कारकुनानं. सभेची हजेरी तोंड बघून लागते. तोंड नाही, तर हजेरी नाही. तीन सभांना गैरहजर राहिलं की पद जातं. पहिली सभा गेली. दुसरीत तात्या अर्धा तास भाषण करत होता, तीही गैरहजर लागली.

तिसरी गुरुवारी होती. बुधवारी तात्या माझ्याकडे आला.

"आक्का, परत छाप. जुना रंग दे."

"वर्षाला एकच."

"पेठकरांना सांगतो."

"सांग."

पेठकर म्हणाले, पुढच्या वाढदिवसाला अर्ज करा. तात्या परत येऊन माझ्या पायरीवर बसला. त्यानं गॉगल काढला. मागे काहीच नव्हतं, पण तिथून पाणी सदऱ्यावर ठिपकत होतं. नऊ वर्षं हेच मागत होतास ना, असं मी म्हणणार होते. म्हटलंही.

हजेरी कारकुनानं नियमांचं पुस्तक चाळून सांगितलं की तोंड छापलेलंच असावं असं कुठं लिहिलेलं नाही. रंग मात्र अचूक हवा आणि मशीनवाल्याची सही हवी. म्हणून गुरुवारी सकाळी मला ढमाल्यांच्या घरी बोलावलं.

गजराबाई अंगणात बसली होती. मांडीशी पालथा तवा, वाटीत खोबरेल. समोर पाटावर सदरा नि मिशी. तिनं तव्याची काजळी बोटानं तेलात कालवली, चिमूटभर हळद टाकली. आधी आपल्या मनगटावर लावून बघितलं. गडद वाटलं, थेंबभर तेल वाढवलं. मग कपाळापासून सुरुवात केली. नाक करताना तिला विचार करावा लागला नाही. हनुवटीवर खळी ठेवली. शेवटी काडीच्या टोकानं डाव्या गालावर तीळ.

मी त्याला उन्हात बसवलं आणि म्हातारीचा हात त्याच्या गालाशी धरला. अर्ध्या पॉईंटाचाही फरक नव्हता. मी सही केली.

तात्यानं आरसा मागितला. मान डावी-उजवीकडे वळवून बघितलं.

"आई," तो म्हणाला, "जरा उजळ करतेस?"

गजराबाईनं तव्यावर बोट आणखी एकदा घासलं.

"हलू नको," ती म्हणाली.