लहानूभाऊंचा तलाव

घरात संडास असूनही जो माणूस रोज सकाळी तांब्या घेऊन नाल्याकडे जातो, त्याच्याबद्दल गाव काय समजणार? लहानूभाऊंबद्दल आमचं गाव तेच समजत होतं. ग्रामसेवकांनी तर त्यांना चारचौघांत समज दिली. भाऊ शांतपणे म्हणाले, "पाणी दगडाले लागते जी."

लहानूभाऊ माझे शेजारी. नाल्याकाठी चुनखडीचा एक सपाट खडक उघडा पडला आहे. कोरडा असताना त्यात बघण्यासारखं काही नाही. भाऊ त्यावर तांब्यातलं पाणी ओततात आणि दगडातून बोटाच्या पेराएवढे शंख-शिंपले एकेक करून दिसू लागतात. "तलाव होता जी इथी," ते इतक्या हळू सांगतात, की आपलाही आवाज आपोआप खाली येतो. त्या ओल्या खडकाकडे बघत बसलं, की खरंच पाणी हलल्यासारखं वाटतं आणि मी घरची कामं विसरतो.

नागपूरच्या एका प्राध्यापकांनी त्यांना हे दाखवलं होतं. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा हा तलाव, असे खडक फार थोडे उरलेत, जपा, असं सांगून ते निघून गेले. भाऊंनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून कोणी खडकावर चढलं, की ते दुखावून विचारतात, "तलावात चपला घालून काऊन आले?" बकऱ्यांनाही ते हटकतात. त्यांचा मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात आहे, म्हणजे घर चुनखडीवरच चालतं. पण तो विषय ते काढू देत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात रस्त्यासाठी दगड हवा होता. ठेकेदारानं नेमका हाच खडक फोडायला जेसीबी पाठवला. भाऊ ओरडले नाहीत, भांडले नाहीत. सरळ खडकावर आडवे झाले. आम्ही धावत पोचलो, तर ते चक्क घोरत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला आणि शेवटी तो मशीन बंद करून मोहाच्या झाडाखाली बसला. सरपंचबाई आल्या, त्यांनी भाऊंकडे पाहिलं आणि ठेकेदाराला फोन लावून दगड दुसरीकडून घ्यायला सांगितलं. पुढच्या ग्रामसभेत या खडकाला कोणी हात लावायचा नाही, असा ठरावही झाला.

त्या दिवशी जेसीबी गेल्यावर मी भाऊंना उठवलं. एवढं धूड डोक्याशी उभं असताना झोप लागतेच कशी, असं विचारलं. त्यांनी खडकावरून हात फिरवला.

"तुमची वहिनी गेली तवापासून घरी डोळा नाई लागत जी," ते म्हणाले. "तिथी मी एकलाच. इथी पाहा ना, किती जण आहेत."