बलकवाले वाघमारे तात्या

वाघमारे तात्या कोंबड्यांना 'अहो' म्हणायचे आणि आम्हाला 'बे'. "अहो, जरा कळ काढा," म्हणत ते कोंबडीच्या छातीत सुई टोचायचे आणि त्याच दमात मला म्हणायचे, "नीट धर की बे." मी सिरसाळ्याकडच्या एका छोट्या दूध संस्थेचा सचिव. तात्यांच्या लेखी मात्र कोंबड्या धरणारा.

तात्या जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. काकू वारलेल्या, लेक लग्न होऊन नाशिकला. घरी ते आणि कोंबड्या. एका प्राध्यापकांकडून ते नवीच विद्या शिकून आले होते. वासरांना हगवण लावणाऱ्या विषाणूची लस कोंबडीला टोचायची. काही आठवड्यांत तिच्या अंगात त्या विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि अंड्याच्या बलकात उतरतात. तो बलक दुधातून वासराला पाजायचा.

संस्थेच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. अध्यक्षांनी विचारलं, "आन् आमी याचं आम्लेट खाल्लं तर?"

तात्या शांतपणे म्हणाले, "तर तुमाला वासराची हगवण व्हायची न्हाई."

मग दुष्काळ पडला. संस्थेनं माळावर चारा छावणी लावली. जनावरं दाटीवाटीनं बांधलेली. हगवण शिरली आणि दोन वासरं गेली. हसणं थांबलं. तात्या रोज सकाळी बादली घेऊन हजर. वासरू जन्मलं की पहिला चीक आईचा आणि त्यामागून तात्यांचा बलक. "दुखणं यायच्या आधीच प्यायचं असतंय हे," ते बजावायचे.

छावणीत गाय घेऊन आलेल्या कौसाबाईंच्या तांबड्या वासराला मात्र आधीच लागण झाली होती. त्याला तात्यांनी आठवडाभर मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी आणि बलक पाजला. ते जगलं. पुढं जन्मलेल्या बहुतेक वासरांना हगवण लागली नाही, लागली ती हलकी. अध्यक्ष स्वतः अंड्यांच्या टोपल्या वाहू लागले.

पाऊस झाला, छावणी उठली. तात्या मात्र दर बुधवारी 'तपासणी' म्हणून कौसाबाईंच्या वस्तीवर जायचे. एकदा मीही गेलो. वासराचा एव्हाना शिंगं फुटलेला गोऱ्हा झाला होता.

"तात्या, कालपासून जरा सुस्त वाटतंय," कौसाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

तात्यांनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात त्या सुस्त गोऱ्ह्यानं दावं तोडलं आणि शेपूट उभारून रानात धूम ठोकली. तात्या त्याच्यामागं.

मी हळूच म्हणालो, "मावशी, हा तर ठणठणीत हाय की."

"ठाव हाय." त्यांनी तव्यावर भाकरी टाकली. "पर बरा हाय म्हणलं, तर तात्या कशाला येतील? घरी एकटेच जेवतेत. तुमी बी बोलू नका."

तात्या धापा टाकत परतले. गोऱ्ह्याला खुंट्याला बांधून त्यांनी हात धुतले आणि ताटावर बसले.

"थोडी सुस्ती हाय खरी," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "पुढल्या बुधवारी परत यावं लागल."

"यावंच लागल की," म्हणत कौसाबाईंनी त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली.