नवागामचा सोनेरी साहेब

ज्या राजवटीचा आपण मनोमन धिक्कार करतो, तिचे सोंगसुद्धा आपल्यापैकीच कुणाला तरी घ्यावे लागते. आणि ते ज्याच्या वाट्याला येते, त्याची परीक्षा इतरांहून कठोर होते. सुरतेच्या नवागामात राहणाऱ्या सुकदेव पाटलांवर, स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, हा प्रसंग ओढवला.

गल्लीच्या मंडळाने संध्याकाळी नाटक योजिले होते. हिंदी बोलपटांत इंग्रजी अमदानी दिसते, तशीच ती येथेही होती. दुष्काळ पडलेला, आणि तरीही सारे गाव परीटघडीची धोतरे नेसून नाचणारे. गोरा साहेब चाबूक उगारतो, तोच गाणे सुरू होते. आणि साहेब अत्यंत सभ्यपणे ते संपेपर्यंत थांबतो. हा साहेब म्हणजे सुकदेव. वर्ण उजळ, एवढाच त्यांचा अपराध.

केस मात्र काळे होते. सुकदेव रेशीम रंगवणाऱ्या कारखान्यात कामाला. रेशीम किड्याचे, केस माणसाचे, जात एकच, असा विचार करून त्यांनी आदल्या दिवशी तेथलाच पिवळा रंग डोक्याला चोपडला. सिद्धांत अचूक ठरला. केस झळाळले, आणि मग साबण, लिंबू, रॉकेल, कशालाही दाद देईनात.

नाटकाच्याच दिवशी सकाळी निरोप आला, की अमळनेरचे चिंधा आप्पा मुलाला, चेतनला, घेऊन दुपारी सुकदेवांच्या मुलीला, वर्षाला पाहायला येत आहेत.

"आते कसं व्हई?" सुकदेव डोके धरून बसले.

"डोकं चकोट करून टाका," शेजारचे हिलाल म्हणाले.

"हो! म्हणजे पाहुणे विचारतील, घरात कोण गेलं?" सुकदेवांच्या पत्नी शोभाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "आप्पा जन्माचे खादीवाले. त्यांच्या बापाला इंग्रजानं फोडून काढलेलं. अन् त्यांच्यापुढे हे डोकं! पोरीला फोटोतला मुलगा पसंत आहे, कळलं? टोपी घाला. काढली तर बघा!"

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. चेतन आणि वर्षा यांनी एकमेकांकडे न पाहण्याचा असा काही प्रयत्न केला, की वडीलधाऱ्यांना सर्व उमगले. कानांपर्यंत टोपी ओढलेले सुकदेव घामाने निथळत होते.

"ठरलं समजा," असे म्हणून आप्पांनी पिशवीतून नारळ, टॉवेल आणि कोरी टोपी काढली. सोयरीक ठरली की व्याह्याच्या मस्तकी स्वहस्ते टोपी घालावी, हा त्यांच्याकडचा मान. "जुनी काढा, सुकदेवभाऊ."

"राहू द्या आप्पा, वरून चढवा."

"टोपीवर टोपी? मी काय दुकान मांडतो का?"

आणि आप्पांनी जुनी टोपी स्वतःच उचलली. सोनेरी केस उघडे पडले. शोभाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सुकदेवांनी चाचरत नाटकाची हकीकत सांगितली.

आप्पा कितीतरी वेळ त्या सोनेरी मस्तकाकडे पाहत राहिले. "मन्हा बापले गोरा सायेबनी चाबूकवरी मारेल व्हतं," ते सावकाश म्हणाले. "एक तरी उलट्या हाताची ठेवून द्यायची त्याची हौस राहूनच गेली. नाटकात सायबाला मारतं कोण?"

"सारं गाव. गाणं संपल्यावर."

"मग मीबी गावात."

सुकदेवांनी क्षणभर विचार केला. "आप्पा, आधी टोपी घाला. मग खुशाल मारा."

टोपी मस्तकी बसली. आतून होणाऱ्या सासऱ्यांना उद्देशून वर्षाचा आवाज आला, "मामा, पण जरा हळू!"

संध्याकाळी गाणे संपले. गावकरी पुढे सरसावले. सर्वांपुढे हात उगारलेले आप्पा. साहेबाने डोळे मिटले. गालांवरची पावडर घामाने ओघळत होती. आप्पा समोर आले, थबकले. आणि तो हात खाली आला तो सुकदेवांच्या गळ्यात पडला. एकदा डाव्या खांद्याला, एकदा उजव्या खांद्याला, लग्नातल्या व्याहीभेटीसारखी यथासांग भेट झाली. गोंधळलेले गावकरीही मग रांगेने साहेबाला भेटू लागले.

"आता इंग्रज जाणार की राहणार?" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडले.

"राहील ना!" आप्पा गरजले. "व्याही शे मन्हा!"

ईश्वर त्या उभय कुळांना सुखी ठेवो. आणि उगारलेल्या प्रत्येक हाताला अशीच वाट सापडो.