मेश्राम सरांचे पाठकोरे कागद

मेश्राम सर लग्नाला जातात ते पत्रिकांसाठी. जेवण उरकलं की वधूपित्याला बाजूला घेऊन विचारतात, "उरलेल्या पत्रिका कुठं ठेवल्या गा? पाठ कोरी हाय नं त्याईची!" माझं नेमणूकपत्र अशाच एका पत्रिकेच्या पाठीवर आहे. एका बाजूला 'आपली तात्पुरती नेमणूक करण्यात येत आहे'. उलटून पाहिलं तर 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!'

सहकारी बँकेतली पक्की नोकरी सोडून सरांनी आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावात, राइस मिलमागच्या तीन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. विद्यापीठाची मान्यता मिळाली की तिथं शाश्वत व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था उभी राहणार होती. सर ते सोपं करून सांगत, "धंदा असा करा, का तलाव आटला नाई पाहिजे, जंगल सरलं नाई पाहिजे अन् मजूर मेला नाई पाहिजे."

मला 'व्यवस्थापन' हा शब्दच सहन होत नसे. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. मजुरांच्या सभेला जाताना बाबा मला खांद्यावर आणि पत्रकांचा गठ्ठा काखेत घेत. मजुराला कमी पैशात जास्त राबवायचं कसं, त्या विद्येला व्यवस्थापन म्हणतात अशी माझी खात्री होती. अजूनही ती पुरती गेलेली नाही. म्हणून मी आठवडी बाजारात पत्रक वाटलं : 'मालकांचे मुकादम घडवणारी ही शाळा बंद करा!'

सरांनी ते तिथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून वाचलं. मग उलटलं.

"किती उरले?"

"चारेकशे."

"दे सारे. अन् तू बाहेर कायले बोंबलून राहिला? आत ये. पोट्ट्याईले शिकव अन् तिथंच भांड मायासंग."

आतूनच सुरुंग लावू म्हणून मी गेलो. वर्षभर आम्ही रोज भर वर्गात भांडलो. पोरं वह्या मिटून ऐकत.

मग विद्यापीठाची समिती आली. मान्यता नाकारली तर मिलमालक खोल्या परत घेणार होता आणि आमची अठरा पोरं-पोरी वर्ष वाया घालवून घरी जाणार होती. समिती आमच्या एकुलत्या वर्गात, पोरांसमोरच बसली. अध्यक्षबाईंनी सरांचा प्रस्ताव उघडला, पहिलं पान वाचलं, उलटलं आणि त्या थांबल्या.

"मेश्राम सर, तुमच्याच प्रस्तावाच्या मागे 'ही शाळा बंद करा' असं छापलंय."

शेजारच्या सदस्यानं आपली प्रत चाळली. "माझ्याकडेही. प्रत्येक पानामागे."

सरांनी अख्खा प्रस्ताव माझ्या उरलेल्या पत्रकांवर छापून धाडला होता.

"कोणी लिहिलं हे?"

मी उभा राहिलो. "मी. आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही."

"हा आमचा शिक्षक हाय, म्याडम," सर शांतपणे म्हणाले.

"तुमच्याविरुद्ध लिहिणारा?"

"मंग? आमची चूक सांगाले पुन्यावरून माणूस आणू का? उद्या हे पोट्टे मिल चालवतीन. मजुरानं असं पत्रक हाती देल्लं त फाडून नाई फेकलं पाहिजे, वाचलं पाहिजे."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या बाकावरच्या, केशोरी गावच्या मुलीला विचारलं, "तू वाचलंयस?"

"वाचलं नं. दुसऱ्या मुद्द्यात आमचे हे सर चुकले हायेत. सांगू का?"

आणि माझ्याकडे बोट दाखवून तिनं ते सांगितलं. समितीचा चहा थंड झाला, तरी तिचं संपेना.

पंधरा दिवसांनी मान्यतेचं पत्र आलं. मला रडू फुटलं आणि त्याचा रागही आला. पोरं दुपारच्या एसटीनं आपापल्या गावी सांगायला पांगली. वर्गात आम्ही दोघंच उरलो.

"झालं गा," सर म्हणाले. "आता जासीन नं तू? तुयी लढाई त बाहेर हाय."

"कोण म्हणतं?"

ते मागच्या खोलीत गेले. ते तिथंच राहत. वर्षभरात मी पहिल्यांदाच त्या दारातून आत पाऊल टाकलं. एक खाट, एक स्टोव्ह, त्यावर भाताचा गंज आणि जमिनीवर दोन ताटं.

"मी येणार हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मले कायचं ठाऊक? रोजच दोघांचा भात टाकतो."

"रोज? मग येतं कोण?"

सर गंजावरचं झाकण काढत होते. "अजून त कोनी नाई आला," ते म्हणाले. "बस. वरण निवून राहिलं."