कोनाड्यातला गणपती

पोरांची चित्रं सुधारावीत तर लांजेवार गुरुजींनीच, असं दारव्हा तालुक्यात कोणी म्हणत नव्हतं. पण म्हणायला हवं होतं, असं माझं तेव्हा स्पष्ट मत होतं. चौथीतल्या पोरानं काढलेला बसका बैल मी दोन मिनिटांत उठवून उभा करत असे. घर कलंडलं असेल तर सरळ, झाड वाळकं असेल तर हिरवं, सूर्य विसरला असेल तर सूर्य. कष्ट माझे, शाबासकी पोरांची आणि नाव शाळेचं. सगळेच मास्तर हे करायचे. फक्त त्यांचे बैल शेळीसारखे दिसत आणि माझे बैलासारखे.

सत्तावन्न साली डिप्टी साहेब तपासणीला येणार होते. त्या दिवशी चित्रांचं प्रदर्शनही होतं. यवतमाळला गुरुजी तयार करणाऱ्या शाळेत चित्रकलेची जागा रिकामी होती आणि ती साहेबांच्या हातात होती. माझं इतकं पक्कं ठरलेलं होतं की बायकोनं पितळेची भांडी पोत्यात बांधायला घेतली होती.

मी पोरांना विषय दिला, 'आमचं घर, आतून'. पोरांनी चुली काढल्या, खाटा काढल्या. डोमाजीच्या धाकट्या मुलीनं, कांतानं, एक भिंत काढली. भिंतीत कोनाडा, कोनाड्याभोवती दिव्याच्या काजळीचा काळा डाग, आणि आत काहीच नाही.

"हे अर्धवट का सोडलंस?" मी विचारलं.

"नाही गुरुजी, पुरंच हाये. आमच्या घरी तसाच हाये तो."

आता डोमाजी मागच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. घरातले देव टोपलीत घालून त्यानं अडाण नदीत सोडले होते. साऱ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. पण हातात पेन्सिल आली की मला चित्राशिवाय दुसरं काही सुचत नसे. कोनाडा रिकामा दिसतो म्हणजे चित्र रिकामं दिसतं, एवढंच मला कळलं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यात गणपती बसवला. सोंड, पोट, मोदक, पायाशी उंदीर, बाजूला तेवता दिवा. असा काही झकास जमला की मीच त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो.

प्रदर्शनाच्या दिवशी डोमाजी आपल्या होणाऱ्या व्याह्यांना घेऊन आला. व्याही म्हणजे बोरी अरबचे भीमराज. डोमाजीच्या थोरल्या मुलीचं लग्न त्यांच्या मुलाशी ठरलं होतं आणि ते तारीख पक्की करायला आले होते. दोन्ही गावांत नव्या रीतीनं होणारं ते पहिलंच लग्न, ना भटजी ना देवक. भीमराजांनी आपल्या वस्तीत घरोघर फिरून लोकांचे देव काढायला लावले होते. फार कडक माणूस. डोमाजीला त्यांना धाकटीचं चित्र दाखवायचं होतं, बस.

साहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी वीसेक मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, "साहेब, मोठी माणसं खोटं बोलतील, पण लेकराची पेन्सिल कधी खोटं बोलत नाही. घरात जे असतं तेच कागदावर उतरतं."

साहेबांनी मान डोलावली, भिंतीवरून बोट फिरवलं आणि एका चित्रावर ठेवलं. "पहिला नंबर. कुणाचं आहे हे?"

कांताचं होतं. तिला पुढे बोलावलं. तिनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाळ, तूच काढलंस ना?"

"लाजते ती, साहेब," मी म्हणालो आणि रंगांची पेटी तिच्या हातात कोंबली.

मागून भीमराजांचा आवाज आला. "इवाई, तुमी नदीत काय सोडलं मंग? नुसती टोपली?"

"घरात काही नाई हो," डोमाजी म्हणाला. "म्या माह्या हातानं सोडले सारे."

"लेकराची पेन्सिल खोटं बोलत नाई, आत्ताच गुरुजी बोलले. दिवा बी लावून राह्यले तुमी. म्या साऱ्या वस्तीचे देव काढाले लावले अन् सोयरीक अशा घरी करू? लोकायले कोणतं तोंड दाखवू? राहू द्या आता."

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं. 'मी काढला' एवढंच म्हणायचं होतं. पण साहेब त्याच वेळी मला यवतमाळच्या जागेबद्दल काहीतरी सांगत होते, आणि मी हात जोडून "हो साहेब, हो साहेब" करत उभा होतो. मला लाज वाटली नाही असं नाही. पण ती साहेबांची जीप गावाबाहेर गेल्यावर वाटली.

मग मात्र मी पळत डोमाजीच्या घरी गेलो. भीमराज बाहेर खाटेवर बसून गाडी जुंपायची वाट बघत होते. आत थोरली विझलेल्या चुलीपुढे बसली होती. तिनं मान वर केली नाही.

घाबरलो की माझी शुद्ध भाषा सगळ्यात आधी पळते. "तो गणपती मी काढला," मी म्हणालो. "पोट्टीनं कोनाडा रिकामाच काढला होता. आईशपथ सांगून राह्यलो."

"साहेबासमोर पोट्टीचा होता, अन् इथं तुमचा झाला," भीमराज म्हणाले. "डोमाजीनं पाठवलं का तुमाले?"

"नाई हो. थांबा, दाखवतोच तुमाले."

मी त्यांना हाताला धरून आत नेलं, चुलीतला कोळसा उचलला आणि कोनाड्याशेजारच्या भिंतीवर सुरू केलं. सोंड, पोट, कान. "गुरुजी, थांबा, हात जोडतो तुमाले," डोमाजी म्हणत होता. पण माझा हात असा चालला होता म्हणता! मोदकसुद्धा विसरलो नाही. "पाहा," मी म्हणालो, "तोच हाये का नाई?"

"तोच हाये," भीमराज म्हणाले.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि वळलो. दारात शेजारपाजार जमला होता. त्यांना काय दिसत होतं? डोमाजीचं घर, डोमाजीच्या भिंतीवर दोन हात उंच गणपती, आणि त्याच्यापुढे हात जोडून उभा असलेला डोमाजी. मागे उभी असलेली धुरपताबाई म्हातारी तर सवयीनं हात जोडूनही मोकळी झाली.

डोमाजीची बायको रुखमाबाई शेणामातीची बादली घेऊन आली आणि भिंत सारवायला लागली. कोळसा पसरला. सोंड गेली, पोट राहिलं. तिनं त्यावर परत हात फिरवला.

"गुरुजी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "देव नेले तवा माही सासू तीन दिवस जेवली नाई. तिले समजावता समजावता मले पुरे झालं. अन् तुमी आणून बसवला. आमाले इचारलं का?"

नव्हतं विचारलं. कांतानं तर न विचारता सांगितलं होतं.

"लिहून द्या," भीमराज म्हणाले. "साहेबाच्या नावानं. टपालात मी टाकतो."

मी कांताच्या वहीच्या पानावर लिहून दिलं. गणपती माझा, मुलीचा कोनाडा रिकामा, डोमाजीच्या घरी देव नाही. सही करताना यवतमाळ माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, पितळेच्या भांड्यांसकट. भीमराजांनी कागद दोनदा वाचला, मग दारातल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवला.

"तारीख तीच राहू द्या, इवाई," ते म्हणाले. थोरलीनं चूल पेटवली. लग्न वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरानं साहेबांचा हुकूम आला. मी तो बसूनच उघडला. चित्र स्वतःचे नसल्याने कु. कांता हिचे पहिले बक्षीस रद्द करण्यात येत आहे, पुढील वर्षी तिला प्रदर्शनात भाग घेता येणार नाही. सदर लबाडी स्वतःहून उघडकीस आणल्याबद्दल श्री. लांजेवार यांचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद असून त्यांची यवतमाळ येथे नेमणूक करण्यात येत आहे.

मी साहेबांना उलट पत्र लिहायला हवं होतं. दोनदा लिहायला बसलो. पण तोवर बायकोनं उरलेली भांडीही बांधली होती.

कांतानं रंगांची पेटी आणून टेबलावर ठेवली. ती उघडलेलीसुद्धा नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचा चित्रकलेचा तास घेतला. "हवं ते काढा," मी म्हणालो, "मी कोणाच्या चित्राला बोट लावणार नाही." तासानंतर कांतानं आपला कागद आणून दिला. कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात नाव आणि इयत्ता. बाकी कागद कोरा.

"हे काय, कांता?"

"नाव टाकलं, गुरुजी. चित्र तुमी काढा."

रागानं नाही म्हणाली. पाढे पाठ झाले असं सांगावं तसं म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

आणि आता लपवून काय करू, माझा हात पेन्सिलीकडे गेला होता.