तातेरावांचे तेरा पाहुणे

“अगं गिरिजा, रस्त्यावर एक बाई मोजायचा टेप घेऊन उभी हाय!”

तातेराव धापा टाकत घरात आले तेव्हा गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मंग? उभी असंल. प्रीतीनं सांगितल्तं ना, तपासणीला येणार हायेत म्हणून.”

“ती गुरुवारी. आज मंगळवार हाय. कोणता साहेब दोन दिवस आधी आल्ता गं आजपर्यंत? ही दुसरीच हाय. सर्जेरावाशी बोलून राह्यली, अन् तो इकडं बोट दाखवून राह्यला. त्यानंच आपल्यावर तक्रारीचा अर्ज टाकला!”

बांधापलीकडचा शेजारी, बिचारा सर्जेराव, फक्त पत्ता सांगत होता. पण तातेराव भोकरदनच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं शिपाई होते, आणि या नोकरीत त्यांनी एकच विद्या कमावली होती. कागद घेऊन दारात आलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही, खोटं तर बिलकुल सांगायचं नाही, कमी सांगायचं. एकदा का आकडा कागदावर चढला की तो माणसाला खाली उतरवूनच थांबतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि या वेळी खाली उतरायला पुष्कळ होतं. त्यांच्या लेकीनं, प्रीतीनं, जालन्याच्या एमआयडीसीतली बियाणे कंपनीची नोकरी सोडून केदारखेड्याजवळच्या या शेतात डुकरांची शेड उभी केली होती. चोवीस पांढरीशुभ्र डुकरं. हैदराबादचा एक व्यापारी वर्षभर माल उचलायला तयार होता, पण त्याची एक अट होती. जनावरं नीट ठेवली आहेत असं प्रमाणपत्र पाहिजे. प्रत्येकाला पाय पसरून लोळता येईल एवढी जागा, कोरडं अंथरूण, पाणी, वारा, आणि हो, मन रमवायला काहीतरी. प्रमाणपत्र नाही मिळालं तर प्रीती पुन्हा जालन्याला, भाड्याच्या खोलीवर, आणि महिन्यातून एकदा घरी. तातेराव तोंडानं बोलत नसत, पण या विचारानं त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

प्रीती आज खाद्य आणायला जालन्याला गेली होती. म्हणजे सगळा भार तातेरावांच्या विद्येवर.

“चोवीस दिसले तर दर डुकरामागं कर बसंल,” ते म्हणाले. “तू तेरा घरात घे.”

“कुणाच्या घरात?”

“आपल्या! जल्दी कर, ती बांधावर आली!”

गिरिजाबाई म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यांनी खाद्याची बादली वाजवली, आणि तेरा डुकरं एका ओळीत, शाळा सुटल्यासारखी, त्यांच्या मागं घरात गेली. तेवढ्यात तातेरावांनी शेडमधले दोन्ही पंखे उतरवले, कारण पंखा दिसला तर विजेचा मीटर दुकानाच्या दराचा होणार. फवाऱ्याचा कॉक बंद केला, कारण पाणी दिसलं तर बोअरची चौकशी निघणार. फुटबॉल आणि टांगलेला टायर सोयाबीनच्या भुस्कटात पुरला. हा फुटबॉल त्यांनीच आणला होता. डुकरांना कसली आली खेळणी म्हणून प्रीतीला हसले होते, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बाजारात गेले होते.

बाई आल्या. तिशीच्या, शांत. अर्पिता असं नाव सांगितलं. कुठून आल्या तेही सांगत होत्या, पण तातेरावांनी ऐकलं नाही. कचेरीचं नाव ऐकलं की आपण ओळखीचे ठरतो.

“काका, जनावरं किती?”

“असतील अकरा.”

“असतील म्हणजे?”

“हायेत. कमीच हायेत.”

“शेड तर चोवीस-पंचवीसची दिसतेय.”

“हवा खेळावी म्हणून.”

“वारा-पंखा काही?”

“डुकराला पंखा? मॅडम, मलाच कुठं हाय!”

“मग हा हूक कशाचा?”

“तो आधीपासून हाय.”

“शेडच्या आधीपासून?”

“व्हय,” तातेराव म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाईंनी टेप लावून मोजमाप घेतलं, काहीतरी लिहिलं. “आणि मन रमवायला काय ठेवलंय?”

तातेराव सावध झाले. मनोरंजन! म्हणजे करमणूक कर. कचेरीत असताना तमाशाच्या फडवाल्यांना तो भरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आमच्याकडं कुणी मन बिलकुल रमवत न्हाई मॅडम. खातेत, झोपतेत.”

“दिवसभर काय करतात मग?”

“एकमेकांकडं पाह्यतेत.”

बाई लिहीत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. तातेरावांना वाटलं, वा, कर सुटला! आणखी चार गोष्टी त्यांनी आपणहून कमी करून सांगितल्या. पाणी दिवसाकाठी एकदा. अंथरूण नाही. आजारी पडलं तर नशिबावर.

इतक्यात घरात भांड्यांची उतरंड कोसळली आणि पाठोपाठ जोरदार गुरगुर ऐकू आली.

“घरात कोण आहे?”

“पाहुणे.”

“किती?”

“तेरा,” तातेराव बोलून गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून पुरा आकडा निघाला, आणि तोही नको तिथं.

“आणि हा आवाज कसला?”

“जेवून राह्यलेत.”

“असा?”

तातेराव घामाघूम झाले. बुडत्याला काडीचा आधार, तशी त्यांना सासुरवाडी आठवली. “बायकोच्या माहेरचे हायेत मॅडम. तिकडं खाताना असाच आवाज करतेत.”

घराचं दार धाडकन उघडलं. कोपरापर्यंत पीठ लागलेल्या गिरिजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“माझ्या माहेरचे? या मॅडम, या की! हा माझा थोरला भाऊ! ही वहिनी! अन् तो तोंडात भाकर घेतलेला धाकटा! बराबर वळखलं ह्यांनी!”

तेरा पाहुणे बाहेर पडले. एकाच्या गळ्यात तातेरावांचं धोतर होतं. कुणी कुठं भटकलं नाही, सगळे थेट शेडमध्ये घुसले, फवाऱ्याच्या नळीखाली रांगेत उभे राहिले आणि वर तोंड करून असे किंचाळायला लागले की बांधापलीकडच्या सर्जेरावानं कानावर हात ठेवले. आधीची अकरासुद्धा त्यांना येऊन मिळाली. साडेअकरा झाले होते. साडेअकराला रोज फवारा सुटायचा.

बाईंनी डुकरांकडं पाहिलं, रिकाम्या हुकाकडं पाहिलं, मग तातेरावांकडं पाहिलं.

“काका, मी प्रीतीताईंच्या अर्जावरून आलेय. प्रमाणपत्राच्या तपासणीला.”

“ती तर गुरुवारी...”

“गुरुवार सांगायचा आणि मंगळवारी यायचं. नाहीतर लोक पंखे भाड्यानं आणून लावतात.”

तातेराव मटकन खाली बसले. मग ताडकन उठले. भुस्कटात दोन्ही हात घालून फुटबॉल काढला, टायर काढला, पंखे आणले. “चोवीस हायेत मॅडम! पाणी चोवीस तास! पंखे दोन! अंथरूण रोज बदलतो! आजारी पडलं तर डॉक्टर भोकरदनहून येतेत, मी सोता आणायला जातो!”

बाईंनी वही मिटली. “अकरा म्हणालात, चोवीस निघाली. पंखा नाही म्हणालात, दोन निघाले. आणखी दहा मिनिटं थांबले तर एसी निघेल. काका, आता यातलं मी काय खरं धरू?”

तातेरावांनी हातातला फुटबॉल खाली ठेवला. “मला खोटारडा लिहा मॅडम. बिनधास्त लिहा. पण लेकीचं काम खोटं न्हाई. हे कागद न्हाई झाले तर ती परत जालन्याला जाती. मला... मला करमत न्हाई वो तिच्याबिगर.”

भाकरी करपल्याचा वास येत होता, तरी गिरिजाबाई जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्याच्या तोंडून असं काही त्यांनी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

“फवारा सोडा,” बाई म्हणाल्या.

तातेरावांनी कॉक फिरवला. किंचाळणं थांबलं. बाई एकेका डुकराच्या मागं जाऊन, गुडघ्यावर बसून शेपटी बघत फिरल्या. सगळी चोवीस पाहिली. एक मादी तातेरावांच्या पायाला रेलून पोट वर करून पडली. ते लाजले, पण पोट खाजवू लागले, कारण नाही खाजवलं तर ती चावायची.

“दाटीवाटीनं ठेवली, रमवली नाहीत, की डुकरं एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात,” बाई म्हणाल्या. “इथं एकही कुरतडलेली नाही. पंखे भाड्यानं मिळतात काका. शेपट्या मिळत नाहीत.”

आणि त्यांनी वही पुन्हा उघडली.

खाद्याचा टेम्पो घेऊन प्रीती पोचली तोवर अहवाल लिहून झाला होता. “इथं मालकाची सही लागेल, शेड तुमच्या जागेत आहे,” असं म्हणत बाईंनी तो पुढं केला. तीन वेळा वाचल्याशिवाय ज्यांनी कधी किराणा दुकानाच्या पावतीवरही सही केली नव्हती, त्या तातेरावांनी एक अक्षर न वाचता सही ठोकली.

“बाबा, वाचलं का?” प्रीतीनं विचारलं.

“न्हाई. आपल्याला विश्वास हाय मॅडमवर.”

प्रीतीनं वाचायला घेतलं. जागा, उत्तम. पाणी, उत्तम. वारा, उत्तम. मनोरंजन, उत्तम. प्रमाणपत्र देण्यास हरकत नाही. तिचे डोळे भरून आले. मग ती शेवटच्या ओळीवर अडखळली, तोंडावर हात धरून हसू दाबलं आणि मोठ्यानं वाचलं.

“अट. फेरतपासणी कोणत्याही दिवशी, न कळवता होईल. त्या वेळी सर्व जनावरे शेडमध्ये असावीत, आणि तातेरावांना घरात ठेवावे.”

“म्हंजे?” तातेरावांनी संशयानं विचारलं.

“म्हंजे कडी बाहेरून,” गिरिजाबाई म्हणाल्या. “ती मी लावते.”