बादशाही वाटेवरची दोरी

माणूस स्वतःच्या गावाला जातो तेव्हा त्याची सुट्टी वाया जाते. त्याच रस्त्याने गाइड बरोबर घेऊन जातो तेव्हा त्याचं ज्ञान वाढतं. हे सत्य आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हतं. ते बिचारे बैलगाडी जुंपून निघायचे, वाटेत नातेवाइकांकडे उतरायचे, पोटभर जेवायचे आणि जसे गेले तसे अडाणी परत यायचे.

सुरतेतल्या एका प्रवासी कंपनीने समाजाची ही उणीव दूर केली. तिच्या पत्रकावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'बादशाही वाट. सुरत ते बुऱ्हाणपूर. वातानुकूलित, मार्गदर्शकासह, टोपी मोफत.' बादशहांच्या काळात सुरतेच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जायचा, हेही त्यात होतं. हल्ली त्याच वाटेने माल उलटा येतो. धुळ्याकडची, नंदुरबारकडची माणसं पोटासाठी येतात आणि सुरतेच्या मागांवर उभी राहतात. हे मात्र पत्रकात नव्हतं. (जागा कमी पडली असावी. टोपीचं चित्र मोठं होतं.)

भटू हा असाच उलटा आलेला माल. तरुणपणी आला, सुरतेतल्या नवागामच्या एका खोलीत सहा जणांत झोपला, माग चालवला, मग मागांवरचा मास्तर, म्हणजे मुकादम झाला, आणि आता कडोदऱ्याला त्याचं स्वतःचं भरतकामाच्या मशिनींचं युनिट होतं. घर कामरेजच्या बाजूला, सोसायटीत. सोसायटीला फाटक, फाटकाला चौकीदार. इतकी प्रगती झाल्यावर माणसाने आपण कुठून आलो हे विसरावं अशी रीतच आहे, आणि भटू रीतीबाहेर जाणारा नव्हता. कापडमार्केटात तो 'भटुभाई' होता आणि वाक्याच्या शेवटी 'छे' म्हणत होता. आपण खानदेशी आहोत हे मार्केटातल्या कोणालाही ठाऊक नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. (मार्केटात सगळ्यांना ठाऊक होतं. सुरतेच्या व्यापाऱ्याला नुसत्या 'छे'वरून माणसाचा तालुका कळतो.)

सहलीला जायचं कारण सरळ होतं. ज्यांच्या साड्यांवर भटूच्या मशिनी टाके घालत होत्या ते शेठलोक बायकामुलांसह चालले होते. अशा वेळी मागे राहणारा माणूस धंद्यातही मागे राहतो. भटूने स्वतःची आणि बायकोची, सुंदराची, अशी दोन तिकिटं काढली.

तारीख निघाली ती नेमकी श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या रविवारची.

ज्यांना हा सण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं, तर घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, घरच्या जात्यावर दळायचे आणि त्याचे देवीसाठी रोट करायचे. हे रोट भाऊबंदांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनीच खायचे. बाहेरच्याला घासभरही द्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. म्हणजे भाऊबंदांना वर्षातून एकदा तरी एका पंगतीत बसण्यावाचून गत्यंतर राहू नये, अशी ही जुन्या लोकांची व्यवस्था. जुन्या लोकांना सुरत ठाऊक नव्हती.

भटूच्या गावी, साक्रीच्या अलीकडे उंबरपाट नावाच्या वस्तीत, त्याचा थोरला भाऊ सुकदेव राहत होता. भटू त्याला नाना म्हणायचा. नाना दरवर्षी भटूच्या नावाचे सव्वा मूठ गहू टाकायचा, भटूचा मुलगा कुंदन झाल्यापासून त्याच्याही नावाचे टाकायचा. खायला दोघेही येत नव्हते. टाकता येत नाही म्हणून नाना आणि त्याची बायको ते रोट पुढे कित्येक दिवस दुधात भिजवून संपवत. नानाचे दात गेले होते, पण नियम शाबूत होता.

निघण्याच्या चार दिवस आधी नानाचा फोन आला.

"भटू, यंदा तरी येशी का रे? तुना वाटाना गहू मी दर साल टाकस. आते माले दळवाले जमत नही. पुढला साल टाकाई का नही, माहीत नही."

भटूने खिडकी लावून घेतली आणि आवाज खाली आणला. "नाना, त्या दिन मी टूरमा शे. गाडी आपला फाटावरथीन जाई राहयनी, पन टूरनी शे ना ती."

 टूर म्हणजे काय हे नानाला कळलं नसावं, फाटा मात्र कळला.

"मंग मी फाटावर येस. तू फक्त खाले उतर. एक घास खाय आनि जाय."

"बरं," भटू म्हणाला. बरं म्हणायला काही लागत नाही, म्हणून तो शब्द आपल्याकडे फार चालतो.

सहल ठरल्या वेळेला, म्हणजे दीड तास उशिरा, निघाली. मार्गदर्शक वैभव नावाचा हुशार तरुण होता. गळ्यात ओळखपत्र, तोंडात तीन भाषा. चौथी, म्हणजे अहिराणी, त्याची आई नवागामच्या घरात बोलत असे. ती त्याने घरीच ठेवली होती. भटूने त्याचं आडनाव वाचलं, त्याने भटूचा चेहरा वाचला, आणि दोघांनी एकमेकांना न ओळखण्याचा निर्णय एकाच क्षणी घेतला. दोन खानदेशी माणसांत इतकं एकमत क्वचितच होतं.

सहलीतली प्रेक्षणीय स्थळं पुढीलप्रमाणे पाहण्यात आली. सुरतेचा किल्ला : सिग्नल लवकर सुटल्यामुळे डाव्या बाजूच्या प्रवाशांना. एक जुनी सराई : ती आता नाही, पण जिथे नाही ती जागा दाखवण्यात आली व तिचे फोटो घेण्यात आले. सोनगडचा किल्ला : डोंगरावर असल्यामुळे खालून. एक पायविहीर : रस्ता खराब असल्यामुळे मोबाइलवर. प्रत्येक ठिकाणी वैभव दोन बादशहा आणि एक दंतकथा सांगत असे. दंतकथा सगळीकडे तीच होती, फक्त राजकन्या बदलत होती. शेठलोक खूश होते. इतिहास बसल्याजागी येत असेल तर त्याला कोणाचाच विरोध नसतो.

नवापूर मागे पडलं आणि भटूने काळा चष्मा चढवला. खिडकीबाहेरचा एकेक नाला त्याच्या ओळखीचा होता. सुंदरा त्याच्या शेजारी बसून बाहेर पाहत होती. तिने मोफत टोपी घातली नव्हती, पर्समध्ये ठेवली होती.

उंबरपाटच्या फाट्यावर एक भव्य हॉटेल उभं राहिलं आहे. तिथे दुपारचा थांबा होता. पत्रकात त्याचं नाव 'खानदेशी जीवनदर्शन व भोजन'. हॉटेलच्या आवारात सिमेंटची झोपडी होती, तिला चितारलेला शेणाचा रंग होता. एक रिकामी बैलगाडी होती, एक जातं होतं (चिकटवलेलं, कारण मागचं एका पर्यटकाने उचलून नेलं), आणि या सगळ्याभोवती जाड दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे पर्यटकांनी उभं राहायचं, पलीकडे जीवन. जेवणात वांग्याचं भरीत होतं. श्रावणात खानदेशातली जुनी घरं वांग्याला शिवत नाहीत. पण ती घरं दोरीच्या बाहेर असल्याने त्यांची हरकत विचारात घेण्यात आली नाही.

नाना सकाळपासून हॉटेलच्या फाटकाशी उभा होता. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी आणि फडक्यात बांधलेला रोट. चौकीदाराने त्याला दोनदा हाकललं होतं, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ आणि बाहेरच्या व्यक्ती यांना आवारात मनाई होती. नाना त्या आवारापासून अर्ध्या कोसावर जन्मला होता, तरी नियमाच्या दृष्टीने बाहेरचाच.

गाडी आली. वैभव खाली उतरला, त्याने धोतर पाहिलं, टोपी पाहिली आणि त्याच्यातला मार्गदर्शक जागा झाला. सिमेंटच्या झोपडीला नेमकी याच गोष्टीची उणीव होती. त्याने चौकीदाराला खूण केली आणि नानाला हाताला धरून बैलगाडीजवळ, दोरीच्या आत उभं केलं.

"आ असली खानदेशी काका छे," तो लाउडस्पीकरवर म्हणाला. "फोटो लई लो, दस मिनिट."

सगळे धावले. मुलं नानाच्या बाजूने बोटं वर करून उभी राहिली. एका शेठच्या बायकोने फडक्याकडे बोट दाखवून चाखायला मागितलं. नानाने फडकं छातीशी धरलं.

"हाऊ रोट शे, बाई. बाहेरनाले देता येत नही. मना भाऊ गाडीमा शे, त्याना वाटाना शे."

वैभवला शब्दन् शब्द कळला. त्याने क्षणभर भटूकडे पाहिलं आणि मग आपल्या पेशाला जागून भाषांतर केलं. "काका कहे छे, बहु पवित्र वस्तु छे, अडवानुं नहीं." म्हणजे फार पवित्र वस्तू आहे, हात लावायचा नाही. सगळ्यांनी लांबून हात जोडले.

भटू त्याच शेठच्या शेजारी उभा होता. डोक्यावर मोफत टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्या आणि नानाच्या मध्ये आठ पावलं आणि एक दोरी. तीस वर्षांपूर्वी याच माणसाने आपली पासोडी त्याच्या अंगावर टाकून त्याला सुरतेच्या ट्रकमध्ये बसवलं होतं. हे भटूला आठवलं. आठवून त्याला वाईट वाटलं, हेही खरं आहे. आपल्याकडे वाईट वाटून घेण्यात कोणी हयगय करत नाही.

"भटुभाई," शेठने विचारलं, "आ शुं बोले छे?"

काय बोलतोय हा, इतकंच विचारलं होतं. उत्तर दोन शब्दांचं होतं : माझा भाऊ. शेठने त्यावर फार तर 'अच्छा' म्हटलं असतं आणि भरीत मागवलं असतं.

"खबर नथी, शेठ," भटू म्हणाला. "गामडानी भाषा छे."

मला माहीत नाही, खेड्यातली भाषा आहे. हे बोलून झाल्यावर हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून त्याने फोन वर केला आणि इतरांसारखा फोटो काढायला घेतला.

नानाने त्याला ओळखलं. चष्म्याने भाऊ लपत नाही. नाना आता हाक मारील, असं भटूला वाटलं. पण नानाने हाक मारली नाही. भाऊ फोटो काढतोय असं पाहून त्याने टोपी सरळ केली, फडकं थोडं वर धरलं, आणि फोटो चांगला यावा म्हणून हसला.

सुंदराला ते बघवलं नाही.

"काढा तुम्ही फोटो," ती नवऱ्याला मोठ्याने, सगळ्या शेठलोकांच्या देखत, अहिराणीत म्हणाली. "मी ते त्या घरनी वहू शे."

तिने डोक्यावर पदर घेतला, दोरीखालून वाकून पलीकडे गेली, नानाच्या पाया पडली आणि बैलगाडीच्या जुवाला टेकून जमिनीवर बसली. नानाने रोट मोडला. एक वाटा तिच्या हातावर ठेवला आणि दुसरा हातातच धरून दोरीकडे पाहत राहिला.

"त्यासना वाटा मी खाई लेस, नाना," सुंदरा म्हणाली. "आना इकडे."

पर्यटकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दहा मिनिटं संपल्यावर वैभवने शिटी मारली. सुंदरा उठली नाही. नानाची काठी त्याच्या हातात देऊन ती त्याच्याबरोबर वस्तीकडे चालू लागली. यादीत तिच्या नावापुढे 'स्वेच्छेने गळती' असा शेरा पडला. भटू गाडीत चढला. पुढचं सगळं त्याने व्यवस्थित पाहिलं : धुळ्याचा वळणरस्ता, तापीचा पूल, बुऱ्हाणपूरचे दरवाजे, बादशाही हमाम. हमामात पूर्वी गरम पाणी कुठून यायचं हे वैभवने समजावून सांगितलं आणि भटूने सर्वांत जास्त वेळ मान हलवली. शेजारची जागा रिकामी होती, तिथे त्याने टोपी ठेवली.

सहल अत्यंत यशस्वी झाली. कंपनीने स्पर्धा ठेवली होती, तिच्यात भटूचा फोटो पहिला आला. इतरांच्या फोटोंत म्हातारा बावरलेला आहे. एकट्या भटूच्या फोटोत तो इतक्या मायेने हसतोय की परीक्षक थक्क झाले. खाली ओळ घातली, 'हाच खरा भारत', आणि फोटो गावोगाव फिरला.

तो तुमच्या फोनवरही आला होता. तुम्ही त्याला हात जोडलेत, बदाम पाठवलात, पुढे चार जणांना ढकललात. अनोळखी माणसाकडे बघून कोणी असं हसत नाही, ही शंका तुम्हाला आली नाही; आणि आली असती तरी तुम्ही ती गिळलीच असती. कारण गावाकडच्या एका म्हाताऱ्या माणसाचा असाच एक हसरा फोटो तुमच्याही फोनमध्ये आहे, आणि तो काढताना तुम्ही दोरीच्या कोणत्या बाजूला उभे होता हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.